एका बोटाने वर्गाबाहेर

मुलांना जीवशास्त्र शिकवण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. खडू, फळा, जास्वंदीचे फूल आणि शाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक, एवढ्या साहित्यावर आमचे भागत असे. निवृत्त होऊन मलकापुरात घरी बसलो तेव्हा वाटले, आता शिकवणे संपले. पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले ते मोबाईलवरच. वस्तीतली दहावीची मुले गोंधळून गेली. विहारातले कार्यकर्ते म्हणाले, "सर, आपल्या मुलांना विज्ञान तुम्हीच शिकवा." साठी उलटल्यावर आम्ही मोबाईलवर वर्ग भरवायला शिकलो.

आमचे मलकापूर कराडला लागून, हमरस्त्यावरचे गाव. चोवीस तास नळाला पाणी देणारे गाव म्हणून त्याचे नाव देशभर झाले. १९२७ साली महाडला ओंजळभर पाण्यासाठी ज्या समाजाला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या लेकी आज घरातला नळ उघडून घागर भरतात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण नळाचे पाणी घरोघर पोचले तसे नेट पोचले नव्हते. एका घरात एक मोबाईल, तोही बाप कामावर घेऊन जाणार. रिचार्ज संपले की धडा तिथेच थांबायचा.

दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. आम्ही वहीवर वाटाण्याचे तक्ते काढून मोबाईलपुढे धरत होतो. वर्गात एक मुलगी होती. चार दिवस तिचा कॅमेरा बंद, आवाज बंद. नाव पुकारले तर उत्तर नाही. पाचव्या दिवशी आम्ही चिडलो. शिस्त म्हणजे शिस्त! तिच्या नावावर बोट दाबले आणि तिला वर्गातून काढून टाकले. क्षणाचे काम.

संध्याकाळी तिची आई दारात आली. एका रुग्णालयात ती सफाईचे काम करते. तोंडाला पदर बांधून ती अंगणातच उभी राहिली. म्हणाली, "सर, पोरीचं काय चुकलं? नाव खोडलं म्हणून दुपारपास्नं जेवली न्हाई." मग एकेक गोष्ट कळत गेली. घर एका खोलीचे. बाप रातपाळी करून दिवसा झोपलेला. त्याची झोप मोडू नये म्हणून मुलगी आवाज बंद ठेवायची. पाठीमागे दोरीवरचे कपडे दिसतात, मुले हसतील, म्हणून कॅमेरा बंद. माऊलीने पिशवीतून वही काढून पायरीवर ठेवली. चारही दिवसांचा धडा त्यात उतरवलेला होता. वाटाण्याचे तक्ते तर आमच्यापेक्षा नीटनेटके!

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच सातारा जिल्ह्यात, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाळ भिवाचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवसांत बाबासाहेबांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. वेगळे बसवणाऱ्यांना आम्ही जन्मभर भाषणांतून दोष दिला. आणि आज आमच्याच वस्तीतल्या लेकीला आम्ही एका बोटाने वर्गाबाहेर काढले, तेही तिच्या गरिबीमुळे! आमच्या मनात तसे नव्हते, हे खरे. पण पोरगी बाहेर बसली, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांसमोर आम्ही तिची माफी मागितली. कॅमेऱ्याची सक्ती बंद केली. धडा दहा-दहा मिनिटांच्या आवाजात भरून पाठवू लागलो, म्हणजे बाप कामावरून आल्यावरही ऐकता येईल. निर्बंध सैल झाल्यावर विहाराच्या ओसरीवर अंतर राखून पाच-पाच मुले एका मोबाईलभोवती बसू लागली.

प्रयोगशाळा नव्हती, पण स्वयंपाकघर होते. भाकरीचा घास न गिळता दोन मिनिटे चावा, असे आम्ही सांगितले. घास गोड लागू लागला, तेव्हा लाळेतला विकर पिष्टाची साखर करतो हे मुलांना पाठ करावे लागले नाही. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला, फोड काळीनिळी झाली. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून वर कांद्याचा पापुद्रा धरला, तर विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसल्या. ओसरीवर एकच गलका झाला!

अशाच एका दिवशी त्या मुलीने तोंड उघडले. "सर, वाटाण्याचा रंग पिढ्यान्‌पिढ्या जातो. आजी म्हणते, जात रक्तात असते. मग जात पण अशीच येते का?"

ओसरी गप्प झाली. आम्ही म्हणालो, बाळ, मेंडेलने १८६६ साली वाटाण्याचे निष्कर्ष छापले, पण जगाने ते ओळखले १९०० साली. म्हणजे भिवा साताऱ्याच्या शाळेत गेला त्याच वर्षी. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी माणसाचे रक्तगट दाखवून दिले. रुग्णालयात रक्त देताना गट जुळवतात, जात नव्हे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. त्यांवरून डोळ्यांचा रंग येतो, केसांची ठेवण येते. जात त्यांत कुठेच नाही. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिसंस्थेचे उच्छेदन' मध्ये मांडले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर नाकांच्या मापांचे आकडे देऊन वंशभेदाची समजूत त्यांनी खोडून काढली. जात माणसाने केली, म्हणून ती माणसाला मोडता येते.

मुलगी वहीत लिहीत होती. मान वर करून म्हणाली, "हे आजीला वाचून दाखवते."

पुढे २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली, गुण शाळेच्या मूल्यमापनावर मिळाले. पण त्या ओसरीवरचे ज्ञान रद्द झाले नाही. ती मुलगी आता परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. आमचा मोबाईलवरचा वर्ग अजून रात्री साडेआठला भरतो.

बंधू-भगिनींनो, एकच विनंती. घरात एकच मोबाईल असेल तर तो रोज तासभर मुलांच्या हाती द्या, आणि मुलाइतकाच मुलीच्याही हाती द्या. त्या तासाला टीव्ही बंद ठेवा. विहाराची ओसरी संध्याकाळी अभ्यासाला उघडी राहू द्या. आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: मूल गप्प असेल तर बोट दाबण्याआधी त्याच्या घरी जावे. जयभीम!