घोड्याशेजारून चालणारी माणसं

घोड्यावर ज्यांचं पोट आहे, ती माणसं घोड्यावर फारशी बसत नाहीत. माथेरानचा घोडेवाला लगाम धरून चढ चढतो, वर गिऱ्हाईक. वरातीतला घोडीवाला फटाके आणि डीजेच्या गदारोळात घोडीच्या कानाशी पुटपुटत चालतो, वर नवरदेव. रेसकोर्सवरचा मोतद्दार घोडा फिरवत फिरवत आणतो आणि जॉकीच्या ताब्यात देतो. धनगराच्या तट्टावर तर सगळा संसार लादलेला, मालकीणबाई पायी. मिरवतो तो स्वार. धंदा चालतो तो जमिनीवर.

*

मराठी फौजेत शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन येणारा आणि बारगीर म्हणजे सरकारी पागेतलं घोडं मिळालेला. घोडं ज्याचं, त्याचा तोरा निराळा, आणि ते लढाईत मेलं तर नुकसानही त्याचंच. ही वाटणी अजून मोडलेली नाही. थंड हवेच्या ठिकाणी कुणाचे स्वतःचे दोन घोडे असतात, कुणी दुसऱ्याचा घोडा दिवसाच्या कमाईतल्या वाट्यावर फिरवतो. हंगामात दोघांच्या खिशात पैसा खुळखुळतो. पावसाळ्यात मात्र शिलेदाराला चंदीचा खर्च चुकत नाही आणि बारगिराला घरची वाट धरावी लागते.

*

रेसच्या घोड्याचा दिवस पहाटे, अंधारातच सुरू होतो. आधी ठाणातली लीद काढायची. ती काढता काढता बघायचीही: गोळे नीट बांधलेले आहेत का, ओल कितपत आहे, रात्रीत कमी तर पडली नाही ना. डॉक्टरच्या आधी लीद बोलते. मग पायांवरून हात फिरवायचा, गुडघ्याखाली कुठे गरम लागतंय का ते पाहायला. कालच्यापेक्षा जरा जास्त ऊब हाताला लागली, तर त्या दिवशी घोडा पळवायचा की नाही याचा विचार ट्रेनरला करावा लागतो. रपेट झाल्यावर घोडा थंड होईपर्यंत फिरवायचा, धुवायचा, खरारा करायचा, खूर खरवडून साफ करायचे, चंदी द्यायची. दुपारनंतर पुन्हा यातलं बरंचसं.

महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 पासूनचं. मुंबईत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शर्यती, पावसाळ्यात पुण्याला. घोडे गाडीत बसून घाट चढतात आणि त्यांच्या मागोमाग मोतद्दारांची बिऱ्हाडं. मुलांच्या शाळेचं वेळापत्रक या वेळापत्रकाशी कधीच जुळत नाही.

इंडियन डर्बी 1943 पासून होते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात घोड्याचं नाव येतं, जॉकीचं येतं, ट्रेनरचं, मालकाचं, घोडा पैदा झाला त्या स्टडफार्मचंही येतं. फोटोत घोड्याचा लगाम धरून कडेला एक माणूस उभा असतो. त्याचं नाव खाली छापलेलं मला आजवर दिसलेलं नाही.

*

घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट, की आत गेलेलं तोंडावाटे परत येत नाही. शिवाय एवढ्या धिप्पाड जनावराचं जठर अंगाच्या मानानं लहान. रानात तो दिवसभर थोडं थोडं चरतो. आपण त्याला ठाणात बांधतो आणि ठरावीक वेळी घमेलंभर चंदी पुढे ठेवतो. इथंच घोडं पेंड खातं. चंदी जास्त झाली, गवत कमी पडलं, पाणी कमी प्यायलं गेलं की पोटशूळ. घोडा पुढच्या पायानं जमीन उकरतो, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहतो, बसतो, उठतो, लोळू पाहतो. अशा रात्री डॉक्टर येईपर्यंत मोतद्दार त्याला हळूहळू फिरवत राहतो आणि लीद पडायची वाट बघतो. पडली की सगळ्या तबेल्यात चहा फिरतो.

*

नालबंद काम करतो तेव्हा त्याची पाठ घोड्याच्या तोंडाकडे असते. पुढचा पाय उचलून तो स्वतःच्या दोन मांड्यांत धरतो. वाकलेल्या खिळ्यांची टोकं सरळ करून जुना नाल उचकटतो. खूर आपल्या नखासारखा वाढतो, महिन्याला साधारण सेंटीमीटरभर. म्हणून नाल झिजला नसला तरी महिना-दीड महिन्यानं काढावाच लागतो. वाढलेला भाग चाकूनं तासून वर कानस फिरवली, की तळ सपाट होतो. हे तासकाम चुकलं तर पुढचं सगळं चुकतं: पाय तिरका पडू लागतो, आणि त्याचा भार जातो सांध्यांवर.

खरी परीक्षा खिळ्यांची. खुराच्या कडेला जाड कवच असतं, त्यात वेदना नाहीत; आत जिवंत मांस. खिळा कवचातूनच तिरका वर चढून बाहेर निघाला पाहिजे. आत शिरला की घोडा लंगडला. हे दिसत नाही, ऐकावं लागतं. घट्ट कवचात जाणाऱ्या खिळ्याचा आवाज टणक येतो. ठोका बोदा आला की जाणता नालबंद तिथंच थांबतो, खिळा उपसतो आणि जागा बदलतो. बाहेर आलेली टोकं पिळून तोडायची, उरलेली कवचावर दाबून बसवायची, वर कानस. चार पाय होईपर्यंत माणसाची कंबर धरते. हे काम बहुतेक बापाकडून मुलाकडे येतं. मुलानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं की एका गावाचा नालबंद संपतो.

*

सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, तापीच्या काठी, नंदुरबार जिल्ह्यात. गिऱ्हाईक आधी घोड्याचं तोंड उघडतं. अडीच वर्षांच्या सुमाराला मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, मग एकेका वर्षानं शेजारचे. पाचव्या वर्षापर्यंत समोरची ओळ पुरी होते. त्यापुढे वय सांगायचं ते दातांवरच्या खळग्यांच्या झिजेवरून. म्हातारपणी दात पुढे तिरके येतात. विकणारा सात म्हणतो, दात बारा म्हणतात, आणि सौदा दोन्हींच्या मध्ये कुठंतरी होतो.

मग भोवरे. कपाळावर, मानेवर, छातीवर केस कुठं आणि कसे फिरलेत, यावर शुभ-अशुभाचं आख्खं शास्त्र उभं आहे. गळ्यावरचा देवमण असला की किंमत चढते. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरं, तो पंचकल्याणी; त्याचा मालक भाव सांगताना जरा खाकरून घेतो. उलट एखादा उमदा, निरोगी घोडा केवळ नको त्या जागच्या भोवऱ्यापायी पडेल भावात जातो. मला विचाराल तर शहाण्यानं असेच घोडे शोधत हिंडावं.

शेवटी चाल. स्वार पाण्यानं भरलेला पेला हातात धरतो आणि घोडा रवाल चालीनं नेतो. थेंब सांडू नये. रवाल चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवर हेलकावा जवळजवळ लागत नाही. ही चाल काहींच्या रक्तात असते, पण पक्की करावी लागते ती रोजच्या रोज. ती कुणी बसवली, हे मात्र सौद्यात कुणी विचारत नाही.

*

भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू. दिसायला लहानखुरं, काटक, खायला जे मिळेल ते. एकेकाळी मराठ्यांच्या फौजांचा वेग या घोड्यांवर अवलंबून होता. रस्ते झाले, मोटारी आल्या, आणि हे घोडं टिकलं ते मेंढपाळ धनगरांच्या वाड्यात. अलीकडे सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झाली, ती यांच्यामुळे.

वाडा हलतो तेव्हा पुरुष मेंढरं चारत रानातून येतात. घोडी घेऊन बायका वाटेनं पुढे जातात. भांडी, वाघर, धान्य, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, आणि सगळ्याच्या वर एखादं पोर. ओझं दोन्ही बाजूंना सारखं बांधलं नाही तर घोडीच्या पाठीला जखम होते, आणि ती बरी होईपर्यंत वाडा अडतो. हे बांधणं बायकांचं काम. अश्वविद्येच्या कुठल्याही चर्चेत या बायकांना बोलावल्याचं ऐकिवात नाही.

*

माथेरानला मोटारीला बंदी. गाडी दस्तुरी नाक्यावर सोडायची. पुढे पायी, मिनी ट्रेननं, हातरिक्षानं किंवा घोड्यावर. 2022 च्या अखेरीस ई-रिक्षा आल्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढणं थांबायलाच हवं होतं. घोडेवाल्यांची धाकधूक निराळी: शाळकरी पोरांना, आजारी माणसांना ई-रिक्षा हवीच, पण सामान आणि सवारी तिकडे वळली तर घोड्याला काय घालायचं?

दुसरा वाद रस्त्याचा. लाल माती पावसात वाहून जाते, धूळ उडते, म्हणून पेव्हर ब्लॉक. नाल मारलेल्या घोड्याचा पाय उतारावर, ओल्या ब्लॉकवर घसरतो. मातीत खूर रुततो, धरतो. रस्त्याचा आराखडा करणाऱ्यानं एकदा, पावसाळ्यात, घोडा हातात धरून तो उतार उतरावा. एवढी माफक अपेक्षा.

*

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 च्या जूनमध्ये उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षभराची मुदत दिली. डांबरावर झिजलेले खूर, कोंदट तबेले, आजारी जनावरं, हे सगळं खरंच होतं. निकाल चुकला असं म्हणवत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या घोडा सांभाळलेल्या माणसाला दुसरं काय येतं, याचा विचार व्हायला लागला तो नंतर. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. पुढे तशाच दिसणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांना खरारा लागत नाही.

*

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, आळंदीपर्यंत पायी. दोन घोडे: एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. तिच्यावर माउली बसलेली असते. चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. घोडे दौडत जातात आणि त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात.

इतक्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो हात पुढे येत असताना घोडा बिथरत नाही. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचं पहिलं उत्तर पळणं. त्याला गर्दीत उभं राहायला शिकवणं हे महिनोन्‌महिन्यांचं काम आहे. श्रद्धेला हात न लावताही त्या सांभाळणाऱ्यांना नमस्कार करता येतो.

*

काही घोड्यांवर कुणीच बसत नाही, आणि तरी ते हजारो जीव वाचवतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. मग रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी बहुधा परत देतात. शेतात साप चावलेल्या माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात जे इंजेक्शन मिळतं, ते असं घोड्यातून येतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेनं हे काम वर्षानुवर्षं केलं.

पुण्याच्या पूनावालांचा मूळ धंदा रेसच्या घोड्यांच्या पैदाशीचा. शर्यतीच्या कामाचे न उरलेले घोडे हाफकिनला जात. रक्तद्रव आपल्याच घोड्यांचा, तर औषध आपणच का करू नये, या विचारातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. जगाला लस पुरवणाऱ्या कारखान्याचा पाया तबेल्यात आहे.

तबेल्यात काम करणाऱ्यानं धनुर्वाताची लस चुकवू नये, हेही जाता जाता. लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतातच.

*

2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात भारतीय संघाला सुवर्ण मिळालं. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. घोडेस्वारीतलं आधीचं सुवर्ण 1982 चं, म्हणजे मध्ये 41 वर्षं. ही मुलं वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकली, कारण रोगनियंत्रणाच्या नियमांमुळे इथला घोडा तिकडे नेणं महाकठीण. एवढा खर्च ज्याच्या घरी परवडतो, त्यालाच हे दार उघडं. जमिनीवरच्या कामाचं दार मात्र कुणालाही उघडं आहे. तिथं गर्दी नाही.

*

मुलं विचारतात, घोड्यांत करिअर करायचं तर काय शिकू. पशुवैद्यकाची पदवी हा सरळ रस्ता. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चं आहे. लष्कराची रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर आहे. रायडिंग स्कूल, स्टडफार्म, रेसकोर्स आहेत. नालबंदीचं काम नीट शिकलेला मुलगा उपाशी राहणार नाही, याची खात्री मी देतो. पगार सुरुवातीला थोडा, लाथ केव्हातरी बसणारच, आणि विमा आहे का हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. विचारायला लाज वाटू देऊ नये.

आणि रविवारच्या सुट्टीचं विचारू नये. डर्बी रविवारी, पर्यटक रविवारी, वराती रविवारी. आणि घोडा तर सोमवारीही तितक्याच वाजता खिंकाळतो.