आमचा बरकतपुऱ्याचा बदाम

बरकतपुऱ्यात ज्या झाडास बदाम म्हणतात, त्याचा बदाम बेगम बाजारातील सुक्या मेव्याच्या दुकानांत मिळत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. तेलुगू शेजारी त्यास 'बादम चेट्टु' म्हणतात, दखनी बोलणारे 'बादाम का झाड' म्हणतात आणि आम्ही मराठी घरांतील मंडळी 'देशी बदाम' म्हणून मोकळे होतो. आमच्या इमारतीच्या कुंपणाशी असे एक झाड आहे. जुना बंगला पाडून इमारत उभी राहिली, तेव्हा अंगणातील एवढेच एक झाड वाचले होते. गेल्या वर्षी रहिवाशांच्या सभेत तेही तोडावे असा प्रस्ताव आला. कारणे दोन सांगण्यात आली : पाने फार गळतात हे एक, आणि दुसरे, "हा काही खरा बदाम नव्हे, मग ठेवून उपयोग काय?"

या दुसऱ्या कारणाने आम्हां मुलांस स्वस्थ बसू दिले नाही. खरा बदाम म्हणजे तरी कोण, हे पाहणे प्राप्त झाले.

खरा बदाम गुलाबाच्या कुळातला. पीच, जर्दाळू, अलुबुखार ही त्याची भावंडे. त्यांचा मांसल भाग आपण खातो आणि बी टाकतो. बदामाचे नेमके उलटे. त्याचा बाहेरचा भाग सुकून फाटतो व कवचातील बी तेवढी आपल्या वाट्याला येते. रानटी बदामाची बी कडू आणि विषारी असते. गोड बियांची झाडे हजारो वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील माणसांनी निवडून वाढविली. या झाडास थंडी नुसती सोसत नाही, तर ती लागतेच. हिवाळ्यात शेकडो तास पारा सात अंशांच्या आसपास वा खाली राहिला, तरच त्याच्या कळ्या वेळेवर जाग्या होतात. हैदराबादच्या हिवाळ्यात आपण स्वेटर घालतो खरे, पण तेवढ्याने बदामाचे समाधान होत नाही.

श्रीनगरात हरिपर्वताच्या पायथ्याशी बादामवारी नावाची बाग आहे. मार्चमध्ये पाने फुटण्यापूर्वीच तेथील झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातात आणि लोक ती पाहावयास जातात. बागाइतदाराचा जीव मात्र तेव्हाच टांगणीला लागलेला असतो. ऐन फुलोऱ्यात पाऊस वा हिमकण आले, की वर्षाचे पीक गेले. शिवाय बहुतेक जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. म्हणून शेजारी दुसऱ्या जातीची झाडे हवीत आणि पराग वाहून नेण्यास मधमाश्या हव्यात. ऑगस्ट-सप्टेंबरात फळांची साल उकलली, की लांब काठ्यांनी झोडपून ती खाली पाडतात, सोलतात व वाळवितात. एवढे करून भाव पुरेसा येत नाही, म्हणून कित्येकांनी बदाम काढून सफरचंद लावले आहे.

जगातील बहुतांश बदाम आज अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पिकतो आणि आपल्याकडेही तो मोठ्या प्रमाणावर येतो. तेथे फेब्रुवारीत फुलोरा येताच भाड्याच्या मधमाश्यांच्या पेट्या मालमोटारींतून बागांत आणतात. काढणीच्या वेळी यंत्र खोड पकडून झाड गदगदा हलविते. जमिनीवर पडलेला बदाम काही दिवस तेथेच वाळतो आणि मग दुसरे यंत्र तो झाडून गोळा करते.

आता आमचा आरोपी. त्याचे नाते गुलाबाशी नाही. तो हिरडा, बेहडा आणि अर्जुन यांचा भाऊबंद. मूळचा उष्ण समुद्रकिनाऱ्यांवरचा. त्याचे फळ हलके व तंतुमय असल्याने पाण्यावर तरंगते आणि लाटांबरोबर दूरच्या किनाऱ्यास लागून तेथे रुजते. त्याच्या शास्त्रीय नावात 'कटप्पा' हा शब्द मलाय भाषेतून आला आहे. ('बाहुबली'तील कटप्पाशी त्याचा काही संबंध नाही, आमच्या वर्गाला याचे फार वाईट वाटले.) त्याच्या फांद्या आडव्या, मजल्यांसारख्या पसरतात. त्यास ना कलम लागते, ना थंडी. पाने गळण्यापूर्वी तांबडीलाल होतात, आणि बहुधा वर्षातून दोनदा गळतात. तेव्हा पहिला आरोप खराच आहे.

उपयोगाचे म्हणाल, तर एका रविवारी आम्ही सहाजणांनी पिशवीभर वाळलेली फळे दगडाने फोडली. दोन तासांत वाटीभरही गर निघाला नाही. पण जो निघाला, तो गोड होता. खालच्या मजल्यावरील आजींनी तो खीरीत घातला आणि ती खीर प्रस्ताव मांडणाऱ्या काकांकडेही पाठविली. पिकलेल्या फळाचा वरचा भाग वटवाघळे रात्री खातात आणि उरलेले आमच्या गच्चीवर टाकतात. दुपारी इस्त्रीवाल्याची गाडी त्याच सावलीत उभी असते. सभेत त्याच्या सावलीविषयी कोणी बोलले नव्हते, कारण तो इमारतीचा रहिवासी नव्हे.

पुढच्या सभेत आम्ही एवढेच सांगितले, की २००२ च्या जल, भूमी व वृक्ष कायद्याप्रमाणे झाड तोडण्यास परवानगी लागते आणि पाने झाडण्यास ती लागत नाही. काकांनी चष्मा पुसला व झाडण्याची जबाबदारी कोणाची, ते लेखी मागितले. तसा कागद आता जिन्यापाशी लावलेला आहे. सोमवार व गुरुवार आमच्याकडे आहेत. रविवारच्या रकान्यात काकांनी स्वतःचे नाव घातले आहे.