चालत्या गाडीतली ऊब

जानेवारी, रात्र. रॉलिन्स, वायोमिंग.

सकाळी लॅरमीहून निघताना पारा उणे 20 वर होता. कॅम्परचा हीटर चालू ठेवून निघायचं की सिलिंडर बंद करून, यावर आम्हा दोघांचं एकमत होईना. बंद केला तर पाण्याचे पाइप गोठायची भीती. चालू ठेवला आणि अपघातात गॅसची नळी तुटली तर? प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला की खाली साचून राहतो, ठिणगीची वाट पाहत.

शेवटी टाकी आणि पाइप रिकामे केले, पिण्यापुरतं पाणी बाटल्यांत भरून जवळ घेतलं. मग बाहेर जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवला. हातमोज्यातूनही तो बोटांना चावत होता. गॅसवर चालणाऱ्या फ्रीजची काळजी नव्हती. दार उघडलं नाही तर तो तासन् तास गार राहतो.

मुक्कामाला पोचल्यावर चहा ठेवला. निळी ज्योत लगेच उभी राहिली. प्रोपेन उणे 42 अंशांनाच उकळतो, म्हणून अशा थंडीतही साथ देतो. ब्युटेनचा मात्र शून्याच्या आसपासच वायू होणं थांबतं. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये तोही असतो. हिवाळ्यात आई सिलिंडर कोमट पाण्याच्या परातीत का ठेवायची, ते आज नीट उमगलं.

ऊब हवीच, पण गाडी उभी असताना. निघण्याआधी गॅस बंद करा, पेट्रोल भरायला थांबण्याआधी तर नक्कीच. जळत्या गॅसातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म चालतोय ना, एवढं झोपण्याआधी रोज पाहा.