मेघाच्या हवालीं

मौल्यवान वस्तु कोठें ठेवावी याचा मनुष्य जितका विचार करतो, तितका ती परत कशी मिळेल याचा करीत नाहीं. दागिने गाडग्यांत घालून परसांत पुरणारे आपले पूर्वज आणि संगणकांतील सारें संचित ‘क्लाउड’मध्यें ठेवणारे आपण, यांच्यांत या बाबतींत फारसें अंतर नाहीं. पुरतांना दोघांनाही सारखेंच समाधान वाटतें. उकरण्याची वेळ आली म्हणजे मात्र खूण आठवेनाशी होते.

आमच्या घरच्या संगणकासाठीं अशी एक बॅकअप-सेवा पसंत करण्याचें काम गेल्या महिन्यांत माझ्याकडे आलें. संगणकांत असें होतें तरी काय? मुलांच्या लग्नांचीं छायाचित्रें, बँकेचे व घराचे कागद, वडिलांच्या पत्रांच्या प्रती, आणि आईनें म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांचें साडेअकरा मिनिटांचें ध्वनिमुद्रण. बाकीचें गेलें तर हळहळ वाटेल. ओव्या गेल्या तर आई दुसऱ्यांदां जाईल.

सारें एकाच जागीं ठेवल्यानें काय होतें, हें पुणेकराला सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलें. आमच्या आजोबांचीं दप्तरें त्या दिवशीं लगदा होऊन गेलीं. घरांतल्या घरांत दुसरी डिस्क ठेवण्यानें माझें समाधान होईना तें यामुळेंच. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला एक नियम या विषयांत सर्वत्र सांगितला जातो : प्रती तीन असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि निदान एक घराबाहेर असावी.

घराबाहेरची जागा म्हणजे हा मेघ. पण हें नांव मोठें फसवें आहे. हा मेघ आकाशांत नसतो. कोठल्या तरी गांवांतील एका इमारतींत, विजेवर चालणाऱ्या यंत्रांत तो असतो. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबूर येथें ओव्हीएच कंपनीच्या अशाच एका इमारतीला आग लागून ती भस्मसात झाली, आणि ज्यांनीं आपली दुसरी प्रतही तेथेंच ठेवली होती ते दोहोंनाही मुकले.

“बाबा, गूगल ड्राइव्ह आहेच कीं! पंधरा जीबी तर फुकट मिळते,” असें आमच्या चिरंजीवांचें मत पडलें. मला तें पटलें नाहीं. घरच्या संगणकाशीं असा जुळवून ठेवलेला साठा हा आरसा असतो. इकडे एखादी वस्तु पुसली कीं तिकडचीही पुसली जाते. केराच्या टोपलींत ती तीस दिवस राहते आणि मग कायमची जाते. खरा बॅकअप हा रोजकीर्दीसारखा असावा. काल काय होतें आणि गेल्या महिन्यांत काय होतें, हें त्यानें सांगितलें पाहिजे. म्हणून ‘किती जागा देतां?’ या प्रश्नाआधीं ‘किती दिवसांपूर्वींचें परत देतां?’ हा प्रश्न मीं प्रत्येक सेवेला विचारला. दुसरा प्रश्न दुकान बंद होतांना ग्राहकाचें काय होतें, हा. क्रॅशप्लॅननें घरगुती ग्राहकांची सेवा २०१८ च्या ऑक्टोबरांत बंद केली. तत्पूर्वीं वर्षाहून अधिक मुदत दिली होती, हें तिचें सौजन्य. पण नवीन ठिकाणीं सारें पुन्हां चढवावें लागतेंच. चारशें जीबी दहा मेगाबिटांच्या वेगानें चढवावयास सुमारें नव्वद तास लागतात!

तिसरा प्रश्न किल्लीचा. आणि येथें माझी गति खुंटली. शेजारचे एक गृहस्थ अतिशय सावध. कंपनीलाही उघडतां येऊं नये म्हणून त्यांनीं आपल्या साठ्याला स्वतःचा सांकेतिक शब्द लावला होता. ते अकस्मात् गेले, आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. वहिनींनीं कंपनीला पत्र लिहिलें. उत्तर अत्यंत सभ्य आलें : किल्ली आमच्याजवळ कधींच नव्हती. वहिनींना तें अजूनही खोटें वाटतें. तें अक्षरशः खरें आहे, हेंच त्यांतलें दुःख.

उलट किल्ली कंपनीजवळ ठेवावी, तर आपल्या घरांत परक्याचा हात पोंचूं शकतो. तेव्हां परक्याची धास्ती अधिक कीं विस्मृतीची, एवढेंच ठरवावयाचें होतें. चार दिवस मीं कोष्टकें मांडलीं. अखेर आमच्या सौभाग्यवतीनें निकाल दिला : “सासूबाईंच्या ओव्या चोरून कोण काय करणार? पण उद्यां तुम्ही नसलांत आणि त्या उघडल्या नाहींत, तर मीं कोणाकडे जावें?” प्रत्येक वस्तूला एकच कुलूप कशाला, हें त्या क्षणीं माझ्या ध्यानांत आलें. बँकेचे कागद तेवढे आम्हीं स्वतःच्या किल्लीखालीं ठेवले. तो शब्द कागदावर लिहून एक पाकीट तिच्या ट्रंकेंत आणि दुसरें नागपुरास माझ्या बहिणीकडे दिलें. ओव्या, पत्रें, छायाचित्रें साध्या कुलपांत राहिलीं.

कालिदासाच्या यक्षानें आपला निरोप मेघाच्या हवालीं केला आणि त्याला आशीर्वाद देऊन तो मोकळा झाला. निरोप अलकेला पोंचला कीं नाहीं, हें कळण्यापूर्वींच काव्य संपतें. काव्याला तें शोभतें. वर्गणी भरणाऱ्या गृहस्थाला पोंच हवी असते. म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधीं, फुकट वापराच्या मुदतींतच, मीं पत्नीला सुनेच्या लॅपटॉपसमोर बसविलें, सूचनांचा कागद हातीं दिला आणि स्वतः बाहेरच्या खोलींत जाऊन बसलों. तिनें एकदांही हांक मारली नाहीं. चाळीस मिनिटांनीं आंतून जात्याची घरघर आणि तिच्यावर आईचा आवाज ऐकूं आला. मीं लगेच उठलों नाहीं.

वर्गणी त्याच संध्याकाळीं भरली. आतां दर दिवाळीच्या साफसफाईंत एक काम वाढलें आहे. ट्रंकेंतलें पाकीट काढून त्यांतला शब्द अजून चालतो कीं नाहीं तें पाहावयाचें, आणि मेघांतून एक ओवी खालीं उतरवून घ्यावयाची. यंदांची पाळी नातीची आहे.