चिखलाचा दाखला

निजामाच्या राज्यात बाहेरच्या माणसाला ‘मुलकी’ व्हायला पंधरा वर्षं लागत. 1919च्या फर्मानाने तसं ठरवून दिलं होतं. इथे जन्मलेला तो मुलकी. बाहेरून आलेल्याने पंधरा वर्षं राहून, परत न जाण्याची हमी दिली तर तोही मुलकी. बाकी सगळे गैरमुलकी. सरकारी नोकरी हवी तर दाखला काढा. पुढे निजाम गेला, दाखला राहिला. 1952 साली याच वादात हैदराबादेत गोळ्या चालल्या.

माझे आजोबा नांदेडकडचे, म्हणजे जन्माने मुलकी. 1 नोव्हेंबर 1956ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आजोबा हैदराबादेत, काचीगुड्याच्या बिऱ्हाडातच राहिले. गाव परराज्यात गेलं. “तुम्ही मूळचे कुठले?” या प्रश्नाला आमच्या घरात तेव्हापासून एका वाक्यात उत्तर मिळत नाही. गालापागोस बेटांवरच्या झाडांची हकीकत वाचताना ती घरातलीच वाटली, ती बहुधा यामुळे.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर, पॅसिफिकमध्ये ही बेटं आहेत. 1535 साली पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा याचं जहाज वारा पडल्यामुळे प्रवाहाबरोबर वाहत तिथे लागलं. माणसाच्या दप्तरात बेटांची नोंद झाली ती तेव्हा. मग माणसं आली. त्यांच्याबरोबर शेळ्या आल्या, उंदीर आले, बियाणं आलं. सिंकोनाने सांताक्रूझ बेटाचा माथा व्यापला. मैसूर रास्पबेरी नावाची काटेरी झुडपं तर आपल्याच देशाकडची. तिकडे त्यांची अशी जाळी झाली की खालचं काही उगवेना. राखणदारांनी याद्या केल्या: हे इथलं, हे बाहेरचं. बाहेरचं ते उपटायचं.

घोडं अडलं ते मधल्या झाडांपाशी. जगभर तण म्हणून बदनाम असलेली, जुन्या वनस्पतिसंग्रहांत उशिरा दिसलेली ही झाडं. उशिरा दिसली म्हणजे उशिराच आली असणार, असं धरून काहींना बाहेरच्यांत घातलं, काहींच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. पण ज्याने ती पहिल्यांदा टिपली तो मनुष्य स्वतःच कालपरवा आलेला होता, हे कोणाच्या ध्यानात यायचं?

दलदलीकडे मात्र जुनी नोंद होती. फुलातून उडालेला पराग पाणथळ जागेत पडतो, गाळात दबतो. तिथे प्राणवायू पोचत नाही आणि परागाचं कवच इतकं चिवट असतं की हजारो वर्षं कुजत नाही. नळी खोल रोवून गाळाचा उभा दांडा बाहेर काढला की वरचा थर आजचा, खालचा जुना. कार्बनवरून थराचं वय काढायचं, तेजाबात माती विरघळवायची आणि उरलेला पराग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखायचा. जास्वंदीच्या कुळातला पराग चुकू म्हटलं तरी चुकत नाही. अंगणातल्या जास्वंदीला बोट लावलं की पिवळी भुकटी लागते. तिचा एक कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा असतो, आणि भिंगाखाली धोत्र्याच्या बोंडासारखा चहूबाजूंनी काटेरी दिसतो.

जॅकलिन व्हान लेउवेन, कॅथरीन विलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांताक्रूझच्या माथ्यावरच्या दलदलींतला असा गाळ तपासला आणि 2008 साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला. परक्या किंवा संशयित ठरलेल्या सहा जाती माणूस येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे नांदत होत्या. पिवळ्या फुलांची, काटेरी खोडाची दलदलीतली जास्वंद त्यांतली एक. आणि दुसरी ओसाडी!

ओसाडी आपल्याला नवी नाही. पावसाळ्यात बांधावर, पडक्या जागेत, ओलसर गटाराकडेला निळसर-पांढऱ्या झुबक्यांची ही हातभर वनस्पती माजते. पानं चुरगळली की उग्र वास येतो. इथे ती अमेरिकेहून आलेली, नक्की गैरमुलकी. तिथे मात्र पक्की मुलकी. झाड तेच, पण एका मुलखाचा दाखला दुसऱ्या मुलखात चालत नाही.

हैदराबादेत असा गाळ कुठे शोधायचा? हुसेनसागर 1562च्या सुमारास कुतुबशाहीत बांधला. शहराचे बहुतेक तलाव असेच माणसाने बांध घालून केलेले. त्यांच्या गाळाचं पहिलं पानच मुळी बांध घातल्यानंतरचं. त्याआधीचं त्याला काय विचारणार? रस्तोरस्ती पेटणारा गुलमोहर मादागास्कर बेटावरचा आहे, याबद्दल वाद नाही. सीताफळाबद्दल आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला अमेरिकेचं म्हणतात. अलेक्झांडर कनिंगहॅमला मात्र भारहूतच्या प्राचीन शिल्पांतही सीताफळ दिसलं होतं. बालाघाटच्या डोंगरांत आणि तेलंगणच्या माळांवर ते आज असं रुजलंय की त्याला परकं म्हणायला जीभ रेटत नाही.

समजा, उद्या एखाद्या उत्खननात वास्को द गामाच्या आधीच्या थरात सीताफळाचं एकही बी मिळालं नाही. म्हणून मोअज्जम जाही मार्केटातल्या टोपल्या कोणी उचलणार नाही, मीही पहिल्यासारखाच डझनभर घेऊन येईन. आवडत्याकडे कोणी दाखला मागत नाही. गुलमोहराकडे मागत नाही, सीताफळाकडे मागत नाही. मागतात तो ओसाडीकडे. सांताक्रूझवर निदान तिच्यासाठीही कोणीतरी दलदलीत उतरलं, आणि गाळाने जे सांगितलं ते तिच्या बाजूचं असूनही छापलं.