अन्वय, व्यतिरेक आणि हिरवा सिग्नल

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हां अध्यापकांचे निम्मे वाचन लोकलमध्येच होते. कर्जतकडून येणारा आमचा मार्ग कल्याणला कसाऱ्याच्या मार्गाला मिळतो; त्याच्या अलीकडे गाडी थबकली, की आणखी चार पाने होतात. सिग्नल लाल का, असे डब्यात सगळेच विचारतात. तो हिरवा कशाच्या आधारावर होतो, हे मात्र आम्ही एका सहप्रवाशाकडून ऐकले. विमानांतील संगणकप्रणालींची तपासणी हा त्यांचा व्यवसाय.

सोपे करून चारच अटी धरू : पुढचा रूळ मोकळा, सांधे योग्य जागी कुलूपबंद, विरोधी मार्ग दिलेला नाही आणि वाटेतले फाटक बंद. चारही पूर्ण झाल्या तर हिरवा, एरवी लाल. हा तर्क संगणकाला लिहून दिल्यावर तो तपासून झाला, असे केव्हा म्हणावे?

सर्वांत उदार निकष म्हणतो, लिहिलेली प्रत्येक ओळ एकदा तरी चालली पाहिजे. त्याला चारही अटी पूर्ण असलेली एकच चाचणी पुरू शकते. ओळी शंभर टक्के झाल्या, आणि सिग्नल लाल राहतो का, हे कोणी पाहिलेच नाही! परीक्षेच्या आदल्या रात्री कादंबरी 'संपवणे' याहून फारसे वेगळे नसते. दुसरा निकष निर्णयाच्या दोन्ही बाजू मागतो. एकदा सारे ठीक, एकदा फाटक उघडे, म्हणजे भागले. पण समजा, पहिल्या दोन अटींमध्ये 'आणि'च्या जागी 'किंवा' पडला आहे. दोन्ही चाचण्या निर्दोष पार पडतील. आणि एखाद्या दिवशी पुढे गाडी उभी असताना, केवळ सांधे जागेवर आहेत म्हणून, मागच्या गाडीला हिरवा मिळेल.

तिसरा निकष प्रत्येक अटीचा स्वतंत्र प्रभाव सिद्ध करायला लावतो : बाकीच्या अटी तशाच ठेवून एकच बदला, आणि निर्णय बदलतो हे दाखवा. १९९२च्या डीओ-१७८बी या मानकाने विमानप्रणालींच्या सर्वांत गंभीर वर्गास तो बंधनकारक केला. चार अटींच्या एकूण जुळण्या १६. आपल्या उदाहरणात या निकषाला पाच पुरतात. अशाच वीस अटी असत्या, तर १०,४८,५७६ जुळण्यांच्या जागी एकवीस. वरचा 'किंवा' येथे लपून राहत नाही.

आम्हांस हे ऐकताना मम्मट आठवला. अंबरनाथचे शिवालय शके ९८२मध्ये, म्हणजे १०६० साली उभे राहिले. त्याच शतकात काश्मीरमध्ये त्याने अलंकार शब्दाचा की अर्थाचा, हे अन्वय-व्यतिरेकाने ठरवायला सांगितले. बाकीचे वाक्य तसेच ठेवून एक शब्द पर्यायाने बदलावा. 'कर' या शब्दावर श्लेष असेल, तर 'हात' घालताच तो मोडतो. म्हणजे तो शब्दाचा. बदलूनही टिकला, तर अर्थाचा. वर्गात आपण हे पद्य-परीक्षणाचे तंत्र म्हणून शिकवतो आणि गुण देऊन मोकळे होतो. त्याच पद्धतीवर कोणाचे प्राण अवलंबून असू शकतात, ही कल्पना निदान आम्ही केली नव्हती.

तथापि या पद्धतीला एक मर्यादा आहे, आणि ती काव्यालाही लागू पडते : जी अट लिहिलेलीच नाही, ती बदलून पाहता येत नाही. फाटकाची अट मुळातच राहून गेली, तर उरलेल्या तीन अटींचा अन्वय-व्यतिरेक बिनचूक जुळेल. म्हणून चाचण्या संहितेवरून न रचता मूळ मागण्यांवरून रचायच्या, आणि निकषाने त्यांची व्याप्ती नंतर मोजायची, असा शिरस्ता आहे.

शिवाय अट लिहिलेली असूनही तिला मिळणारे उत्तर खोटे असू शकते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता. सांधे मात्र लूप मार्गाकडे वळलेले होते, आणि तिथे मालगाडी उभी होती. पावणेतीनशेहून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या विद्युतमंडलात केलेल्या फेरफारांतील त्रुटी पुढे आल्या. सांधे सरळ आहेत, असेच यंत्रणेला कळत होते. तर्काच्या सर्व जुळण्या कागदावर तपासल्या असत्या, तरी हे सापडले नसते. त्यासाठी कोणीतरी रुळांवर उतरून सांधा हलवायचा आणि त्याची तार आत काय सांगते, हे पाहायचे होते.