‘गॅप’ नावाचे भय



‘डॉक्टर, मणक्यात गॅप आला आहे,’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात आठवड्यातून अनेकदा ऐकू येते. सांगणारी व्यक्ती बहुधा साठी-सत्तरीची असते, हाती एमआरआयचा मोठा लिफाफा असतो आणि सोबत आलेल्या मुलाच्या वा सुनेच्या चेहऱ्यावर चिंता असते. वास्तविक घडलेले असते ते नेमके उलट. दोन मणक्यांमधील अंतर वाढलेले नसते, कमी झालेले असते.

आपल्या कण्यात मणक्यांच्या मधोमध २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी पाणीदार गर आणि भोवती चिवट तंतूंचे कडे असते. वय वाढते तशी पाणी धरून ठेवण्याची त्या गराची क्षमता घटते, चकती चपटी होते आणि तिचे कडे किंचित बाहेर झुकते. अहवालातील ‘डीजनरेशन’ आणि ‘बल्ज’ हे भारदस्त शब्द बहुतांशी एवढेच सांगत असतात. पाठदुखी नसलेल्या तीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या चित्रणांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयातील ९६ टक्के व्यक्तींच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. त्यांपैकी कुणाचीही पाठ दुखत नव्हती! अर्थात, झीज ही पिकलेल्या केसांसारखी वयाची खूण आहे. प्रत्येक वेळी ती दुखण्याचे कारण असतेच असे नाही.

मग दुखते कशाने? कधी आखडलेले स्नायू, कधी मणक्यांचे लहान सांधे, तर कधी दाबली गेलेली नस. पुष्कळदा एकच एक कारण दाखवता येत नाही. त्यात अपुरी झोप आणि मनातील धास्ती यांची भर पडली की वेदना अधिक बोचते.

ही धास्ती काय करते, हे मी जवळून पाहिले आहे. माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक. अहवाल वाचल्यावर त्यांनी आधी संध्याकाळचे फिरणे सोडले, मग बाजारहाट, मग अंगणात येणेही. घरच्यांनी मायेपोटी पाण्याचा तांब्याही अंथरुणापाशी आणून ठेवला. महिनाभरात दुखणे होते तिथेच राहिले. पायांतील बळ मात्र ओसरले. पुढे फाटकापर्यंतच्या चालण्यापासून आरंभ करून ते दोन महिन्यांनी वाचनालयापर्यंत पोहोचले. कंबर आजही अधूनमधून कुरकुरते, परंतु त्यांचा दिवस पुन्हा त्यांचा झाला आहे.

फिनलंडमधील १९९५ च्या एका अभ्यासातही अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीत अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा झेपेल तसे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले होते. म्हणून, शुश्रूषा करणाऱ्यांनो, ‘उठू नका’ असे म्हणण्याऐवजी ‘चला, मी सोबत येतो’ असे म्हणा. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे चालणे, एका जागी फार वेळ न बसणे, ओझे उचलताना ते अंगालगत धरणे, शेक घेणे आणि शिकून घेतलेले सौम्य व्यायाम यांनी पुष्कळ साधते. कमरेचा पट्टा दिवसभर बांधून ठेवू नये. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. उतारवयात त्या जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर दुष्परिणाम करू शकतात.

तथापि काही लक्षणांकडे मुळीच दुर्लक्ष करू नका. लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, लघवी अडणे, जांघेभोवती बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, अकारण घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग अथवा किरकोळ पडण्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे असेल, तर तपासणी लांबवू नये. आपल्याकडे मणक्यांचा क्षयरोग आणि ठिसूळ हाडांचे अस्थिभंग आजही आढळतात.

लिफाफ्यातील चित्र आपल्या कण्याचे वय सांगते. आपण किती चालू शकता, हे ते सांगत नाही. तो प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा आणि शक्य असल्यास दवाखान्यापर्यंतचे थोडे अंतर चालतच जा.